कोश, दप्तर आणि दंड : सेना व मुलकी सत्ता यांच्या संबंधाचा विचार

१. ज्याच्या हातीं तरवार आहे तो, ज्याच्या हातीं तरवार नाहीं त्याची आज्ञा कां मानतो, हा राजनीतींतील फार जुना व फार अवघड प्रश्न आहे. राजसत्तेंत त्याचें उत्तर थोडें सोपें असे; कारण राजा स्वतः बहुधा योद्धा असे, व सैनिकाची निष्ठा त्याच्या व्यक्तीशीं बांधलेली असे. लोकसत्तेंत राजा नाहीं. मतांच्या बळावर अधिकारावर आलेला मंत्री पुढील निवडणुकींत पराभूत होऊन घरीं बसतो. त्यानें उभ्या जन्मांत शस्त्र धरलेलें नसतें. तरीहि लक्षावधि शस्त्रधारी माणसें व त्यांचे सेनानी त्याच्या सहीच्या कागदाप्रमाणें चालतात. हें सर्वत्र घडतेंच असें नाहीं. १९४७ सालीं एकाच ब्रिटिश हिंदी सैन्याचे दोन भाग झाले. त्यांपैकीं एका भागाच्या सरसेनापतीनें पाकिस्तानांत ऑक्टोबर १९५८ मध्यें राज्यच आपल्या हातीं घेतलें; दुसरा भाग भारतांत मुलकी सत्तेच्या आज्ञेंत राहिला. दोघांची कवाईत एक, शिक्षण एक, पुष्कळ अधिकारी तर एकाच पलटणींत वाढलेले. तेव्हां हा भेद केवळ शिपायाच्या स्वभावांतून निघालेला नव्हे, हें उघड आहे.

या प्रश्नाचा साकल्यानें विचार करणें हें राज्यशास्त्रज्ञांचें काम. मी पडलों निवृत्त शिक्षक; माझी धांव संस्कृत पोथी व मोडी कागद यांच्यापलीकडे नाहीं. तथापि हा विषय या त्रैमासिकाच्या वाचकांस परका नाहीं, एवढें मला दाखवावयाचें आहे. सेनेवरील मुलकी सत्ता ही शेवटीं कागदांवर उभी असते. पगाराचा हिशेब, हजिरीचा पट, आणि नेमणुकीची अथवा बडतर्फीची आज्ञा, हे ते तीन कागद होत. हे ज्याच्या हातीं, सेना त्याची. मराठी राज्यांत हे कागद प्रथम कोणाच्या हातीं होते, पुढें ते कसे सुटले, आणि आजच्या लोकसत्तेंत ते कोठें आहेत, हें क्रमानें पाहूं.

२. प्रथम शास्त्राचें मत घेऊं. म्हैसूरच्या ग्रंथसंग्रहांत आलेल्या हस्तलिखितावरून शामशास्त्री यांनीं कौटिलीय अर्थशास्त्र १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केलें, ही गोष्ट हस्तलिखितांच्या संग्राहकांस सांगावयास नको. त्या ग्रंथांत राज्याचीं सात अंगें सांगितलीं आहेत : स्वामी, अमात्य, जनपद, दुर्ग, कोश, दंड व मित्र. दंड म्हणजे सैन्य. त्याचें स्थान सहावें आहे, व कोशाचें त्याच्या आधीं. आठव्या अधिकरणांत यावर वाद आहे. कोश व दंड यांपैकीं कोणावरील संकट अधिक घातक? कौणपदंत नांवाचा आचार्य म्हणतो, दंडावरील. कारण सैन्य असल्यास द्रव्य मिळवितां येतें. कौटिल्यास हें मान्य नाहीं. सैन्याचें मूळ कोशांत आहे; कोश आटला कीं सैन्य परक्याकडे जातें, नाहीं तर स्वामीचाच घात करतें, असा त्याचा अभिप्राय आहे. या अभिप्रायाचे दोन्ही भाग मराठी राज्याच्या उत्तरकाळांत कसे अक्षरशः खरे ठरले, तें पुढें येईल.

३. आतां शिवकालाकडे वळूं. आरंभींच एक सावधगिरी सांगितली पाहिजे. शिवाजीमहाराजांचें राज्य लोकसत्ता नव्हतें. सर्व अधिकार छत्रपतींच्या ठायीं एकवटलेला होता. अष्टप्रधानांपैकीं पंडितराव व न्यायाधीश वगळतां इतर प्रधानांसहि प्रसंगीं मोहिमेवर जावें लागे. अर्थात् लष्करी व मुलकी असे आजच्यासारखे काटेकोर भेद त्या काळीं नव्हते, व आजच्या कल्पना त्या काळावर लादूं नयेत. परंतु सैन्य हें राज्याचें असावें, सरदाराचें नव्हे, ही दृष्टि मात्र त्या व्यवस्थेंत स्पष्ट दिसते.

कृष्णाजी अनंत सभासद यानें राजारामांच्या आज्ञेवरून जिंजीस जी बखर लिहिली, तींत या व्यवस्थेचें वर्णन आहे. गडावर हवालदार, सरनोबत व सबनीस असे अधिकारी असत, व कारभार एकानें न करतां मिळून करावयाचा असे. हजिरीचा पट सबनिसाकडे, धान्य व सामान यांचा हिशेब कारखानिसाकडे. ज्याच्या हातीं किल्ल्या, त्याच्या हातीं वह्या नाहींत. व ज्याच्या हातीं वह्या, त्याच्या हातीं शिबंदी नाहीं. एकट्याच्या फितुरीनें गड जाऊं नये, हा यांतील हेतु उघड आहे. तीच गोष्ट पागेची. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, व पांच हवालदारांचा एक जुमला. आणि जुमलेदाराजवळ मजमुदार नेमलेला. स्वारीवरून परत आल्यावर लुटीचा झाडा घेऊन ती सरकारांत जमा होई. पगार होनांत ठरलेला असे व तो सरकारी खजिन्यांतून अथवा वरातीनें मिळे. सैनिकांस गांव मोकासे देण्याची वहिवाट नव्हती. म्हणजे कोश व दप्तर हे दोन्ही दोर दरबाराच्या हातीं होते.

तिसरा दोर आज्ञेचा. १६६६ सालीं पन्हाळ्याच्या स्वारींत नेताजी पालकर वेळेवर येऊन पोंचला नाहीं, म्हणून त्याची सरनोबती काढून घेण्यांत आली. नेताजी हा सामान्य सरदार नव्हता. लोक त्यास प्रतिशिवाजी म्हणत. अशा माणसास एका आज्ञेनें दूर करतां येतें, व त्याबरोबर फौज फुटत नाहीं, यांतच त्या राज्याचें बळ दिसतें.

४. या काळांतील एक पत्र आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. चिपळूण तर्फेंतील हलवर्ण येथें छावणीस असलेल्या पागेच्या जुमलेदारांस, हवालदारांस व कारकुनांस महाराजांनीं तें पाठविलें. सामान्यतः तें १६७३ च्या मे महिन्यांतलें मानितात. तें बहुधा रयतेविषयींच्या कळवळ्यासाठीं वाचलें जातें, व तें योग्यच आहे. पण मला त्यांत दुसरेंहि कांहीं दिसतें.

पावसाळा तोंडावर आला आहे. दाणावैरणीचा जो सांठा केला आहे तो बेताबातानें वापरला नाहीं तर भर पावसांत कांहीं मिळणार नाहीं, घोडीं मरतील, व तीं तुम्हींच मारलीं असें होईल, अशी ताकीद प्रथम आहे. मग सांठा संपला म्हणजे काय होईल, तें क्रमानें सांगितलें आहे : कोणी कुणब्याचा दाणा आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी लांकूडफांटा, कोणी भाजी, मग जे कुणबी घर धरून राहिले आहेत तेहि निघून जातील, व त्यांस तुम्ही मोंगलांहूनहि वाईट वाटाल. शिपायास पैसे दिलेले आहेत. जें पाहिजे तें त्यानें बाजारांतून विकत घ्यावें. शेवटीं आगीची काळजी आहे. चुलीची, चिलमीची, रात्रीं जळत ठेवलेल्या दिव्याची. उंदीर जळती वात ओढून नेईल व गवताच्या गंज्या पेटतील, येथवर ती जाते.

सेनेचा उपद्रव हा शिपायाच्या दुष्टपणापासून सुरू होत नाहीं. तो रिकाम्या कोठारापासून सुरू होतो, हें या पत्राचें सूत्र आहे. आणि तें केवळ सरदारांस न लिहितां कारकुनांसहि लिहिलें आहे. शिस्त ही जुमलेदाराच्या आवाजाइतकीच कारकुनाच्या वहींत असते, हें लिहिणारास पक्कें ठाऊक होतें.

५. हे दोर सुटले कसे? १६८९ सालीं संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला, राजाराम जिंजीस गेले. खजिना नाहीं व मुलूख शत्रूच्या ताब्यांत, अशा स्थितींत जो सरदार फौज उभी करून मुलूख सोडवील त्यास त्याच मुलखाचें सरंजाम लिहून देण्यावांचून गत्यंतर नव्हतें. त्या योजनेनें राज्य वांचलें, यांत संशय नाहीं. पण आपत्काळींचा उपाय पुढें नित्याचा नियम झाला. रामचंद्रपंत अमात्यांनीं त्याच संकटकाळांत देश संभाळला होता. त्यांच्या आज्ञापत्रांत, जें १७१५ च्या सुमाराचें आहे, वतनदार हे राज्याचे दायादच होत असें बजावलें आहे व नवी वृत्ति करून देण्याविरुद्ध इशारा दिला आहे. तो इशारा फारसा मानला गेला नाहीं. १७१९ सालीं चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्य यांच्या सनदा दिल्लीहून आल्या, व वसुलाची वांटणी सरदारांत झाली. यापुढें शिपायाचा पगार छत्रपतींच्या खजिन्यांतून नव्हे, तर सरदाराच्या सरंजामांतून निघूं लागला. शिपायाची नजर साहजिकच तिकडे वळली.

परिणाम तारीखवार दाखवितां येतात. १ एप्रिल १७३१ रोजीं डभईस खुद्द पेशवा व खुद्द सेनापति एकमेकांसमोर लढले, व त्रिंबकराव दाभाडे पडला. दोघेहि एकाच छत्रपतींचे प्रधान होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं पगाराच्या बाकीसाठीं तगादा लावणारे गारदी शनिवारवाड्यांत शिरले, व अठरा वर्षांच्या नारायणरावाचा खून झाला. मूळ आज्ञापत्रांत धरण्याची आज्ञा होती व एक अक्षर बदलून ती मारण्याची झाली, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. ती खरी असो वा नसो, कोश रिकामा असला म्हणजे फौज स्वामीचाच घात करते, या कौटिल्याच्या वचनास याहून स्पष्ट उदाहरण नको. त्या प्रसंगीं रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें. हातीं शिपाई नसतां न्यायासनानें शस्त्रधाऱ्यास दिलेला तो जबाब होता. पण एका शास्त्र्याच्या धैर्यावर राज्याची घडी फार दिवस टिकत नाहीं.

पुढें दुसऱ्या बाजीरावानें गादीसाठीं दौलतराव शिंद्यास मोठी रक्कम कबूल केली व ती त्यास देतां येईना. ३१ डिसेंबर १७९७ रोजीं नाना फडणीस कैद झाले, आणि १७९८ सालीं सर्जेराव घाटग्यानें ती रक्कम पुण्याच्या नागरिकांकडून छळ करून वसूल केली. हलवर्णच्या पत्रांत ज्याची भीति घातली होती तें सव्वाशें वर्षांनीं राजधानींतच घडलें. फरक एवढाच कीं, या वेळीं फौजेस आवरणारें पत्र लिहावयास कोणी उरला नव्हता. शेवटीं ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहानें पेशव्यानें इंग्रजांचें सहा हजार पायदळ पदरीं घेतलें व त्याच्या खर्चासाठीं सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला. कोश, दप्तर व आज्ञा हे तिन्ही दोर परक्याच्या हातीं गेले. राज्य १८१८ सालीं बुडालें असें आपण म्हणतों. हिशेबाच्या वहीवरून पाहिलें तर तें पुष्कळ आधीं बुडालें होतें.

६. आतां आजच्या लोकसत्तेकडे येऊं. इंग्रजी अमदानींत हिंदी सैन्याचा सरसेनापति व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत बसे. १९०५ सालीं कर्झन व किचनेर यांचा जो कलह झाला, तो सैन्याच्या कारभारावर सरसेनापतीखेरीज दुसऱ्या कोणा सभासदाची नजर असावी कीं नसावी, याबद्दलच होता. लंडनच्या सरकारनें किचनेरची बाजू घेतली, व कर्झननें राजीनामा दिला. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, १९१९ व १९३५ या दोन्ही कायद्यांखालीं लष्करी खर्चावर लोकप्रतिनिधींस मत देण्याचा अधिकार नव्हता. कर हिंदी लोकांचा, शिपाई हिंदी लोकांचे. परंतु थैलीची गांठ दुसऱ्याच्या हातीं.

ती गांठ सुटून लोकांच्या हातीं आली, हा १९४७ नंतरचा खरा पालट होय. २ सप्टेंबर १९४६ रोजीं हंगामी सरकार आलें, तेव्हां संरक्षणखातें बलदेवसिंग या मुलकी सभासदाकडे गेलें. दिल्लींतील सरसेनापतीचा वाडा, जो आज तीन मूर्ति भवन म्हणून प्रसिद्ध आहे, तो १९४८ मध्यें पंतप्रधानांचें निवासस्थान झाला. १५ जानेवारी १९४९ रोजीं करिअप्पा हे पहिले हिंदी सरसेनापति झाले. २६ जानेवारी १९५० पासून राज्यघटनेच्या ५३ व्या अनुच्छेदानें संरक्षणदलांचें सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे आलें, व तें कायद्यानें नियंत्रित व्हावें असें ठरलें. राष्ट्रपति मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें चालतात, व मंत्रिमंडळ लोकसभेस जबाबदार असतें. १९५५ सालीं सरसेनापति हें पदनामहि कायद्यानें काढून टाकलें, व तिन्ही दलांचे प्रमुख समान पायरीवर आले. गडावर तिघांनीं मिळून कारभार करावा, या जुन्या तत्त्वाची येथें आठवण होते.

कोशाचा दोर संसदेच्या हातीं आहे : घटनेच्या ११४ व्या अनुच्छेदाप्रमाणें कायद्यानें मंजूर झाल्यावांचून संचित निधींतून पैसा काढतां येत नाहीं. झालेला खर्च नियंत्रक व महालेखापरीक्षक तपासतात, व त्यांचा अहवाल संसदेपुढें ठेवावा लागतो. दप्तराच्या दोराचें एक उदाहरण तर आपल्या अंगणांतलेंच आहे. सेनाधिकाऱ्यांचा पगार त्यांचे सेनानी वांटीत नाहींत. संरक्षण लेखा विभाग या मुलकी खात्याचें पुण्यांत कार्यालय आहे, व भारतीय भूसेनेच्या अधिकाऱ्यांचा हिशेब तेथें राहतो. पुण्याच्या मजमूची परंपरा अशा रीतीनें निराळ्या वेषांत चालू आहे.

१ जानेवारी २०२० पासून तिन्ही दलांवर संरक्षणदलप्रमुख हें नवें पद आलें, व तो अधिकारी संरक्षणमंत्रालयांतील लष्करी व्यवहार विभागाचा सचिवहि झाला. म्हणजे हवालदाराकडे सबनिशीचा कांहीं भाग आला. संरक्षणाचें धोरण व भांडवली खरेदी हीं मात्र मुलकी सचिवाच्या खात्याकडेच राहिलीं. कामाच्या एकसूत्रीपणासाठीं हा फेर आवश्यक असेल. पण वही व किल्ली यांमधील अंतर किती राहिलें, हें वेळोवेळीं तपासीत राहणें हें प्रजेचें काम आहे.

७. येथवर वाचून कोणी असें समजेल कीं, मुलकी सत्ता वर असली म्हणजे सर्व कांहीं साधलें. तसें नाहीं. ३१ ऑगस्ट १९५९ रोजीं सेनाप्रमुख थिमय्या यांनीं संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्याशीं मतभेद विकोपास जाऊन राजीनामा दिला. पंतप्रधानांनीं तो परत घ्यावयास लावला, व संसदेंत मुलकी सत्तेच्या श्रेष्ठत्वाचें तत्त्व निक्षून सांगितलें. तत्त्व निर्दोष होतें. परंतु त्या तत्त्वाच्या आड ज्या तक्रारी होत्या, त्यांचें निवारण मात्र झालें नाहीं. आणि ऑक्टोबर १९६२ मध्यें हिमालयांत जें घडलें त्यानें दाखवून दिलें कीं, सेनानीची जिव्हा बंद करणारी मुलकी सत्ता ही सेनेपुढें नमणाऱ्या मुलकी सत्तेइतकीच राज्यास महाग पडते. आज्ञा मंत्र्याची असावी. पण सल्ला सेनानीचा असावा, व तो न घाबरतां देतां यावा. अमात्यानें स्वामीस अप्रिय पण हितकर तें सांगावें, असें नीतिशास्त्र सांगतें. सेनापतीस हा नियम कां लागूं नये?

त्या पराभवानंतर महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांस संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस बोलाविण्यांत आलें. सेनाप्रमुखांस नित्य भेटून त्यांचें म्हणणें ऐकण्याची पद्धत त्यांनीं ठेवली. १९६५ च्या युद्धकाळांत त्यांनीं रोजनिशी लिहिली. तिच्या आधारें त्यांचे त्या वेळचे सचिव रा. द. प्रधान यांनीं २००७ सालीं ग्रंथ प्रसिद्ध केला. मंत्री व सेनानी यांचा संबंध संकटकाळीं कसा चालतो, हें त्या प्रकारच्या कागदांवरूनच कळतें.

८. आणि येथें आपल्या संशोधकांचा संबंध येतो. १९६२ च्या पराभवाची चौकशी हेंडरसन ब्रुक्स व भगत या दोन सेनाधिकाऱ्यांनीं केली. चव्हाणांनीं २ सप्टेंबर १९६३ रोजीं तिचा सारांश संसदेपुढें ठेवला. पण मूळ अहवाल शासनानें प्रसिद्ध केलेला नाहीं. त्याचा कांहीं भाग २०१४ सालीं एका परदेशी पत्रकारामार्फत बाहेर आला. साडेतीनशें वर्षांपूर्वीं छत्रपतींनीं आपल्या फौजेस दिलेली ताकीद आपण वाचूं शकतों. साठ वर्षांपूर्वीं आपल्याच प्रतिनिधींनीं करविलेल्या चौकशीचा अहवाल वाचूं शकत नाहीं. जून २०२१ मध्यें संरक्षणमंत्रालयानें युद्धविषयक कागद साधारणतः पंचवीस वर्षांनीं तपासून अभिलेखागारांत देण्याचें धोरण जाहीर केलें. तें धोरण आहे. त्याचें पालन होतें कीं नाहीं हें विचारणारा वर्ग हवा, व तो वर्ग आपल्यासारख्यांचाच असूं शकतो.

राजसत्तेंत पगार, पट व आज्ञा हे तीन कागद दरबारांत असले म्हणजे पुरे होत. लोकसत्तेंत तेवढ्यानें भागत नाहीं. कारण येथें स्वामी दरबार नसून प्रजा आहे. जो कागद स्वामीस कधींच पाहतां येत नाहीं, त्या कागदावरील स्वामीची सत्ता नांवापुरतीच म्हणावी लागेल. सेना मुलकी सत्तेखालीं, मुलकी सत्ता संसदेखालीं, व संसद प्रजेखालीं, या सांखळीचा शेवटचा दुवा म्हणजे उघडें दप्तर होय.

म्हणून संग्राहकांस एक विनंति करून लेख पुरा करितों. आपण पेशवाईंतील हजिरीचे पट, सरंजामाच्या यादी व गडांचे जमाखर्च आस्थेनें जमवितों. त्याच आस्थेनें, घरोघरच्या निवृत्त शिपायांच्या पेट्यांत पडलेलीं पत्रें, पगाराचीं पुस्तकें व रोजनिश्या यांकडेहि लक्ष द्यावें. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या जिल्ह्यांतील कित्येक गांवीं पिढ्यानपिढ्या पलटणींत नोकरी झाली आहे. ते कागद वाळवीच्या व रद्दीच्या वाटेस लागण्यापूर्वीं उतरून घेतले पाहिजेत. गुप्त राखण्याजोगें जें असेल तें राखलें जावें; परंतु जें काळानें निरुपद्रवी झालें आहे तें प्रजेच्या दप्तरांत यावें. हलवर्णचें पत्र आजवर टिकलें, म्हणून त्या राज्यानें आपल्या फौजेस काय बजावलें तें आपणांस कळतें. आपल्या काळच्या राज्यानें आपल्या फौजेस काय सांगितलें, व फौजेनें राज्यास काय सांगितलें, हें पुढच्या पिढीस कळावें कीं नाहीं, तें बऱ्याच अंशीं आपल्या हातीं आहे.